शाई बिघडली की आधी पाणी बघा : ऑफसेट मशीनवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

ऑफसेट मशीनवर नवीन उभ्या राहिलेल्या मुलाचा हात सगळ्यात आधी शाईच्या डक्टच्या, म्हणजे शाई भरायच्या पन्हाळीच्या, चाव्यांवर जातो. छपाई फिकी दिसली की चावी सैल, गडद दिसली की घट्ट. पंधरा मिनिटांनी छपाई आधीपेक्षा वाईट झालेली असते आणि सुरुवातीला कुठली चावी कुठे होती हे कुणालाच आठवत नाही. इतकी वर्षं मशीनवर काढल्यावर मी खात्रीने सांगतो, शाईच्या नावावर खपणाऱ्या बहुतेक तक्रारी शाईच्या नसतातच. त्या पाण्याच्या असतात, नाहीतर रोलरच्या. म्हणून शोधायचा क्रम पक्का ठेवा : आधी पाणी, मग रोलर, मग शाई, शेवटी कागद. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल केल्यावर पन्नास-साठ कागद जाऊ द्या, कारण शाई इतक्या रोलरांवरून फिरून प्लेटपर्यंत येते की केलेला बदल लगेच दिसत नाही. दहाव्या कागदालाच अधीर होऊन दुसरी चावी फिरवली की शोध तिथेच संपला.

पाणी आधी का, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. ऑफसेटच्या प्लेटवर अक्षर उठावदार नसतं, खोलही नसतं. मजकुराचा भाग शाई धरतो, रिकामा भाग पाणी धरतो, बस्स. बव्हेरियातल्या आलोइस सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस दगडावर हीच युक्ती वापरली. राजा रविवर्म्यांची चित्रं ज्या दगडांवरून छापली गेली, आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला, तिथेही नियम हाच होता. आता दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची पत्र्यासारखी पातळ प्लेट आली आणि मध्ये प्लेटवरची छाप घेऊन कागदावर उमटवणारं रबरी ब्लँकेट आलं. पण रिकाम्या जागेवर पाण्याचा पापुद्रा टिकला नाही तर शाई तिथे बसणार, आणि पाणी जास्त झालं तर ते शाईत घुसणार, हे बदललेलं नाही.

हात लावण्याआधी

मशीन चालू असताना रोलरवर बोट, फडकं, सुरी काहीही न्यायचं नाही. दोन रोलर आतल्या बाजूला फिरतात तिथे फडक्याचा कोपरा सापडला की हात मागोमाग जातो, आणि फडकं सोडून द्यायला वेळ मिळत नाही. पुसायचं असेल तर मशीन बंद, किंवा थोडं थोडं पुढे नेणाऱ्या बटणावर, आणि बटण दाबणारा व पुसणारा माणूस एकच. अंगठी, कडं, लोंबती बाही, गळ्यातला पंचा नको. हे मी पुन्हा सांगणार नाही, पण तुम्ही रोज स्वतःला सांगा.

मग रोलरांची ओळख करून घ्या. डक्टमधून शाई फाउंटन रोलरवर येते. तिथून डक्टर रोलर पुढे-मागे डुलत ती उचलतो. पुढे रबरी आणि कडक रोलर आलटून पालटून असतात. त्यातले कडक व्हायब्रेटर गोल फिरता फिरता आडवेही सरकतात, त्यामुळे शाई सारखी पसरते. शेवटी फॉर्म रोलर, जे प्लेटला टेकतात : मिनी ऑफसेटला, म्हणजे लहान मशीनला, साधारण दोन, मोठ्या मशीनला चार. पाण्याची बाजू अशीच, पण तिथे रोलर कमी. मशीन बंद असताना चाक हाताने फिरवून कुठला रोलर कुणाला टेकतो ते वहीत काढून ठेवा. चित्र चांगलं नसलं तरी चालेल.

डाग फिरतो की जागेवर असतो?

दोष दिसला की सलग वीस कागद काढून टेबलावर पायरीसारखे पसरा. दोष प्रत्येक कागदावर अगदी त्याच जागी असेल तर प्लेट किंवा ब्लँकेट बघा. जागा बदलत असेल तर रोलर, शाईतला कचरा किंवा कागदाचा भुसा. आडव्या पट्ट्या असतील तर पट्टीपट्टीतलं अंतर फूटपट्टीने मोजा. अगदी जवळजवळ आणि सारख्या अंतरावर असतील तर संशय गिअरच्या दात्यांवर घ्या. लांब अंतरावर पुन्हा पुन्हा येत असतील तर ते अंतर कुठल्या रोलरच्या घेराशी जुळतं ते पाहा. व्यास गुणिले ३.१४. ६० मिलिमीटर व्यासाचा रोलर असेल तर घेर सुमारे १८८ मिलिमीटर. पट्टी १८८ वर परत दिसली तर त्या रोलरला खाच आहे, फुगवटा आहे किंवा त्याचं बेअरिंग खिळखिळं झालंय. एवढ्या एका गुणाकाराने अख्खा दिवस वाचतो.

ठिपक्यांचंही असंच. गडद ठिपका आणि त्याभोवती पांढरं कडं दिसलं की ती हिकी. शाईवर धरलेल्या सायीचा कण प्लेटवर किंवा ब्लँकेटवर चिकटलेला असतो. नुसता पांढरा ठिपका असेल तर बहुधा कागदाचा तंतू : तो पाणी पितो आणि शाई घेत नाही. पहिल्याचं मूळ शाईच्या डब्यात, दुसऱ्याचं कागदाच्या गठ्ठ्यात. दोन्ही वेळी ब्लँकेट धुऊन काम पुढे जातं, पण मूळ तसंच राहिलं तर दर दोनशे कागदांनी मशीन थांबवावं लागेल.

पाणी

रिकाम्या जागेत शाईची छटा येत असेल तर मशीन थांबवा, ओल्या स्पंजने प्लेटचा तो भाग पुसा. इथे नीट लक्ष द्या, कारण दोन वेगळे आजार एकसारखे दिसतात. पाण्याने पुसल्यावर छटा चटकन निघून गेली, आणि मशीन सुरू केल्यावर सगळीकडे हलकी हलकी परत आली, तर ते टिंटिंग : शाई पाण्यात विरघळल्यासारखी मिसळतेय. पुसूनही डाग तसाच चिकटून राहिला तर ते स्कमिंग : प्लेटची रिकामी जागाच शाईला धरू लागलीय. टिंटिंगला पाणी वाढवलं तर ते आणखी वाढतं. तिथे शाई फार पातळ केली आहे का, शाई सैल करणारा रिड्यूसर जास्त पडलाय का, फाउंटन सोल्यूशनचं, म्हणजे प्लेट ओली करणाऱ्या पाण्यात घालायच्या रसायनाचं, मिश्रण चुकलंय का, हे पाहायचं. स्कमिंगला प्लेटवर गम (रिकामी जागा राखणारा डिंक) लावून बघा, पाणी थोडं वाढवा, फॉर्म रोलर प्लेटवर जास्त दाबून बसलेत का ते तपासा. मिनी ऑफसेटवर पाण्याच्या रोलरला मॉलेटन, म्हणजे कापडी खोळ, असेल तर ते हाताने चाचपा. तेलकट, काळं, कडक झालेलं मॉलेटन पाणी सोडतच नाही आणि आपण मात्र पाण्याची चावी वाढवत बसतो.

पाणी किती ठेवायचं? जितकं कमी ठेवता येईल तितकं. मशीन नेहमीच्या वेगाला आणा आणि पाणी हळूहळू कमी करत जा. कडेला किंवा ग्रिपरच्या (कागद धरून ओढणाऱ्या चिमट्यांच्या) बाजूला छटा यायला लागली की थांबा, आणि तिथून थोडंसंच वाढवा. तीच त्या जॉबची जागा. वेग बदलला, कागद बदलला, दुपारी शेडमध्ये ऊन तापलं की ही जागाही सरकते, म्हणून पुन्हा बघा.

पाणी जास्त झाल्याच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. भरीव काळ्यात बारीक पांढरे कण दिसतात, रंग राखाडी आणि मेलेला वाटतो, कागदाला बाक येतो, रोलरवरची शाई चमक सोडून दह्यासारखी होते. नवा माणूस छपाई फिकी दिसली म्हणून शाई वाढवतो. शाई वाढली की रिकामी जागा धरू लागते म्हणून पाणी वाढवतो. असं दोन-तीनदा झालं की रोलरवर शाईचा आणि पाण्याचा चिखल होतो, आणि तो मग सुधारत नाही. रोलर धुऊन नव्याने शाई चढवणं हाच उपाय.

पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा, मोजायची पट्टी स्वस्त मिळते, ती प्रत्येक प्रेसमध्ये हवीच. नेहमीच्या फाउंटन सोल्यूशनला ४.८ ते ५.३ च्या आसपास ठेवा. फार आम्ल झालं तर शाई वाळायला उशीर करते आणि कडक रोलर शाई सोडून देतात. पीएच वर गेला तर प्लेटची रिकामी जागा शाई धरू लागते. पण नुसत्या पीएचवर विसंबू नका. आजच्या सोल्यूशनमध्ये पीएच टिकवून धरणारी रसायनं असतात, त्यामुळे प्रमाण दुप्पट झालं तरी पट्टीचा रंग फारसा हलत नाही. त्यासाठी कंडक्टिव्हिटी मीटर घ्या, तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. आधी साध्या पाण्याचा आकडा घ्या, मग मापाने सोल्यूशन घातल्यावरचा आकडा घ्या, दोन्ही टाकीवर लिहून ठेवा. आठवड्यात आकडा बराच चढला तर पाणी मळलंय, टाकी रिकामी करून धुवा. बुचाने अंदाजे ओतायची सवय मात्र आजच सोडा.

आणि पाणी कुठलं आहे? सोलापूर भागातल्या एका छोट्या प्रेसमध्ये मी काही महिने होतो. काळ्या शाईचं पुस्तकाचं काम. भरीव पट्ट्यांत फिके पट्टे येत होते, आम्ही शाईचे तीन डबे बदलले. शेवटी जुन्या मशीनमनने मला जवळ बोलावलं. ‘इकडं ये, बोट नको लावू, नुसतं बघ,’ म्हणाले. मशीन बंद केलं, कडक रोलरचा एक पट्टा रॉकेलने पुसला आणि नखाने खरवडला. नखात पांढरी भुकटी आली, घरात गिझरच्या कॉइलवर बसते तशीच. बोअरचं जड पाणी, त्यातला चुना रोलरवर बसला होता आणि त्या पट्ट्यावर शाई घसरून जात होती. शाईच्या डब्यांचा काहीच दोष नव्हता. त्यानंतर आम्ही पाणी शुद्ध करून वापरू लागलो. निव्वळ आरओचं अगदी मऊ पाणीही आपल्या सोल्यूशनला चालतंच असं नाही. पुरवठादाराला आपल्या पाण्याचा जडपणा सांगून त्याला जुळणारं सोल्यूशन मागा.

रोलर

पाणी ठीक असेल तर रोलरकडे या. इथे घाई करू नका. मशीनचा सगळा मामला इथेच आहे.

आधी बोट. मशीन बंद करून रबरी रोलर धुवा, कोरडा करा आणि बोटाचं टोक फिरवा. चांगला रबर मखमलीसारखा लागतो, बोटाला किंचित अडवतो. चकचकीत, काचेसारखा गुळगुळीत लागला तर तो ग्लेझ झालाय : वाळलेली शाई, गम आणि पाण्यातले क्षार यांचा थर रबराच्या छिद्रांत बसलाय. नख दाबून पाहा, दबल्यावर रबर लगेच वर आलं पाहिजे. रबराचा कडकपणा मोजणारा शोअर ए मीटर असेल तर तेच बरं. फॉर्म रोलर नवा असताना साधारण २५ ते ३५ दाखवतो. मूळ आकड्यापेक्षा दहा-पंधराने वर गेला की रबर बदलून घ्यायची तयारी करा. नवा रोलर आला की पहिल्याच दिवशी आकडा मोजून, तारीख घालून लिहून ठेवा, म्हणजे पुढे भांडण उरत नाही.

ग्लेझ नुसत्या रॉकेलने निघत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. रॉकेल किंवा वॉश (रोलर धुवायचं द्रव्य) शाई काढतं; गम आणि क्षार पाण्यात विरघळणारे, ते तसेच राहतात. म्हणून दोन फेऱ्या करायच्या : आधी वॉश, मग कोमट पाणी. आठवड्यातून एकदा डिग्लेझर पेस्ट. चुना बसत असेल तर त्यासाठी बनवलेलं रोलरचं औषध. शेवटी पुन्हा पाणी, आणि रोलर पूर्ण कोरडे. तीक्ष्ण पातळ द्रव्यं, थिनर वगैरे, रबराला फुगवतात, ती टाळा.

मग फॉर्म रोलर प्लेटवर शाईची पट्टी कशी उमटवतो ते बघायचं. हीच या सगळ्यातली मुख्य परीक्षा, आणि नवीन माणसाला ती दुसऱ्याच दिवशी शिकवली पाहिजे.

१. जुनी, न लागणारी प्लेट चढवा, गम पुसून कोरडी करा. पाण्याचे रोलर वर राहू द्या.
२. रोलरवर थोडी काळी शाई सारखी पसरवा.
३. मशीन पूर्ण बंद करा. फॉर्म रोलर प्लेटवर टेकवा, दहा-बारा सेकंद ठेवा, उचला.
४. प्लेट हाताने पुढे फिरवून पट्ट्या बघा, प्रत्येक रोलरची एक.

पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची हवी. लहान मशीनवर ३ ते ४ मिलिमीटर, मोठ्यावर थोडी जास्त. अचूक आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तकातलाच धरा. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला बारीक असेल तर रोलर तिरका बसलाय, त्या बाजूचा स्क्रू फिरवा. डमरूसारखी, टोकांना रुंद आणि मध्ये बारीक आली तर रोलर मध्ये झिजलाय किंवा टोकांना फुगलाय. मध्ये रुंद आणि टोकांना निमुळती, चातीसारखी आली तर टोकं खाल्ली गेलीत. या दोन्ही आकारांना स्क्रूने दुरुस्ती नाही. दाब वाढवून डमरू झाकायला जाल तर प्लेट झिजेल आणि ग्रिपरजवळ आडवी पट्टी येईल, कारण घट्ट फॉर्म रोलर प्लेटच्या सिलिंडरच्या खाचेतून बाहेर येताना प्लेटच्या कडेवर आपटतो. असा रोलर काढून रबर चढवायला पाठवा.

सेटिंग करताना क्रम उलटा करू नका. फॉर्म रोलर आधी आपल्या व्हायब्रेटरशी जुळवायचा, नंतर प्लेटशी. व्हायब्रेटरशी पकड किंचित जास्त हवी, कारण तोच त्याला फिरवतो. प्लेटकडे पकड जास्त झाली तर रोलर प्लेटवर घसटतो. पकड बघायला पातळ कागदाच्या पट्ट्या तीन-तीन करून दोन्ही टोकांना घाला आणि मधली ओढा. दोन्ही हातांना सारखी ओढ लागेपर्यंत स्क्रू फिरवा. पहिल्यांदा फरक कळत नाही. आठ-दहा वेळा केलं की हाताला कळायला लागतं. धुतल्यावर लगेच सेटिंग नको, रबर तेव्हा फुगलेलं असतं. आणि नवा रोलर घातल्यावर आठवड्याभराने पुन्हा बघा, तो बसतो.

कडक रोलर पट्ट्यापट्ट्यांत शाई सोडत असेल तर ते स्ट्रिपिंग. त्या जागी पाणी, गम किंवा आम्लाने ठाण मांडलंय. प्यूमिस दगडाच्या भुकटीने घासा, धुवा, पाण्याचं प्रमाण तपासा. जुने मशीनमन लोखंडी रोलरला तांब्याचं पाणी द्यायचे. तांब्याला शाईची ओढ जास्त, म्हणून ते अजूनही चालतं.

एखाद्या चौकटीच्या आत दुसऱ्या मजकुराची फिकी सावली दिसली तर घाबरू नका. फॉर्म रोलरची शाई पुढच्या भागाने खाल्ली, मागच्याला पुरली नाही. मांडणी फिरवून बघा, नाहीतर फेकायच्या कडेला शाई घेणारी पट्टी टाका.

शाई

आता शाईकडे. डबा उघडल्यावर वरची साय सुरीने गोल कापून अख्खी उचला, कधीही ढवळून आत मिसळू नका. डक्टमधली उरलेली शाई नव्या डब्यात परत टाकू नका. हिकीची निम्मी पैदास इथे होते. डक्टमध्ये शाई असूनही रोलरवर येत नसेल तर ती मागे सरून बसली असेल. मशीन थांबवून सुरीने हलवा.

शाई बरोबर असताना रोलरांतून बारीक, एकसारखी चुरचुर ऐकू येते. जास्त झाली की आवाज जाडा, ओला, चपचप होतो. कान लावून ऐकायची सवय करा. पण आधी मशीनपासून दोन पावलं मागे.

कागदाचे कण उपटून येत असतील, ब्लँकेटला कागद चिकटत असेल, तर शाई फार चिकट आहे. हिवाळ्यात सकाळी हे जास्त होतं. आधी मशीन दहा मिनिटं रिकामं फिरवून रोलर गरम होऊ द्या. मगही नाही जमलं तर रिड्यूसर, वजनाने एक ते दोन टक्के : किलोभर शाईला १० ते २० ग्रॅम, तराजूवर मोजून. शाईत रॉकेल घालायची पद्धत काही ठिकाणी आहे. घालू नका. शाई पातळ होते, पण पाणी पिते, वाळत नाही आणि टिंटिंग सुरू होतं.

शाई वाळत नाही म्हणून ड्रायर (शाई लवकर वाळवणारं औषध) ओतण्याआधी पाण्याचा पीएच बघा, पाणी कमी करा, शाईचा थर कमी करा. ऑफसेटची शाई आधी कागदात थोडी मुरते, मग हवेतल्या प्राणवायूने कडक होते, त्याला तास लागतात. थप्पी उंच झाली की वरच्या कागदाच्या पाठीवर छाप उठते. आर्ट पेपरवर भरीव रंग असेल तर थप्पी वीतभरच ठेवा, कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारायची स्प्रे पावडर बेताची मारा आणि थप्पी ढकलू नका, उचला.

पावसाळ्यातला कागद

जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. रीम वेळेआधी फोडली की कडा लाटांसारख्या होतात, रजिस्टर (रंगावर रंग नेमका बसणं) जातं, शाई वाळत नाही, आणि दोष शाईला जातो. कागद किमान एक दिवस आधी मशीनच्या खोलीत आणा, पण वेष्टन मात्र कागद मशीनला लावायच्या वेळीच काढा. उरलेली रीम प्लास्टिकमध्ये बांधा.

काम संपल्यावर

रोलर धुताना वॉश एका बाजूने थोडा थोडा टाका, रोलरवरची मळी खरवडून घेणारं वॉशअपचं पातं शेवटी लावा आणि पात्याची कड रोज पुसा. रोलरच्या दोन्ही टोकांना शाईचं कडं वाळून बसतं. ते रोज न काढल्यास तिथूनच रबर फाटायला लागतं, आणि आपल्याला वाटतं रोलरवाल्याने माल वाईट दिला. काळ्यानंतर पिवळा लावायचा असेल तर धुतल्यावर थोडी पिवळी शाई चढवून पुन्हा धुवा. छिद्रांत उरलेला काळा ती ओढून घेते. रात्री फॉर्म रोलर वर उचलून ठेवा, टेकलेले राहिले तर सपाट जागा पडते आणि सकाळी तिची पट्टी कागदावर येते. जादा रोलर जमिनीवर रबर टेकवून ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर आडवे, काळ्या कागदात गुंडाळून, उन्हापासून आणि चालत्या मोटरीपासून लांब ठेवा. सकाळी प्लेट चढवण्याआधी पुन्हा एकदा बोट फिरवून बघा, मशीन बंद असताना.